टाकीजवळचं फिजिक्स

शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांतील, तसेच उर्वरित विश्वातील समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला तीनशे त्रेचाळीस मीटर असल्याचा ठराव मुरबाड तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पाण्याच्या टाकीजवळ, भर उन्हात, सात विरुद्ध एक अशा बहुमताने मंजूर झाला आहे. विरोधी मत देणाऱ्या सदस्येची चूक झाली असल्याचे सभेने तिला जागच्या जागी कळवले. विश्वाने याची नोंद घेऊन आपले वर्तन सुधारावे.

त्या सभेला मी हजर होते. खिडकीच्या आतल्या बाजूने, हातात लाखेची कांडी घेऊन.

मी शहापूरकडे अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. दर फेब्रुवारीत बोर्डाच्या हुकमाने मला आसपासच्या दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला जावं लागतं. या कामाचं सरकारी नाव ‘बहिस्थ परीक्षक’. मुलं म्हणतात एक्स्टर्नल. लग्नघरात मुलाकडची मंडळी उतरली की जी धांदल उडते, तीच एक्स्टर्नल आल्यावर कॉलेजात उडते. खुर्ची पुसली जाते, आधी पाणी, मग चहा, मग तो चहा गार झाला म्हणून दुसरा चहा. आणि पाठीमागून कुजबूज येते, “कशी वाटते रे? कडक हाय का?”

मी कडक नाही. पण तसं कुणाला कळू देत नाही. परीक्षकाचा चेहरा हे आमच्या धंद्यातलं पहिलं हत्यार. मुलं आमच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचतात. भुवई वर गेली की खोडतात, मान हलली की पुढे लिहितात. म्हणून चेहरा असा ठेवायचा, की जसा किन्हवलीच्या थांब्यावर एसटीची वाट बघणाऱ्या बाईचा असतो. आशा नाही, निराशा नाही. एसटी आली तर आली. शाळेत असताना मी गॅदरिंगच्या नाटकात राजापासून राक्षसापर्यंत सगळं केलं, पण इतकी अवघड भूमिका कधी वाट्याला आली नाही. कारण समोर जे चाललेलं असतं, ते बघून हसू न येणं हे माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे.

एका कॉलेजात परीक्षा सुरू झाली आणि लाईट गेली. ती लवकर काही येईना. त्या बॅचला विजेवर चालणारा प्रयोग होता. मी म्हटलं, थांबू या, वेळ वाढवून देऊ. मुलं इतकी समजूतदार, की कुणी तक्रारच केली नाही. थोड्या वेळाने फेरी मारली, तर सगळ्यांची रीडिंग लिहून तयार, आलेख काढून तयार, आणि आलेख तरी काय देखणे! विजेशिवाय चालणारं विजेचं उपकरण मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. सगळ्यांना परत बसवलं, लाईट येईपर्यंत गाणी म्हणायला लावली आणि मग पुन्हा परीक्षा घेतली. गाणी बरी म्हटली. आलेख मात्र दुसऱ्या खेपेला तितके देखणे आले नाहीत.

तोंडी परीक्षेत एकदा एका मुलाला विचारलं, “अनुनाद म्हणजे काय?” पुस्तकातली व्याख्या तो विसरला होता. डोकं खाजवलं, घाम पुसला, आणि म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं हळदीला डीजे लागतो ना, तवा आमच्या मांडणीतलं एक ताट थरथरतं. सगळी ताटं नाय. एकच. आणि कुठलंबी गाणं असूं द्या, त्यातला एक ठराविक धम आला, की तेच ताट थरथरतं. आई म्हणते ताटाला भूत लागलंय. मी म्हणतो अनुनाद.” मी चेहरा दगडाचा ठेवला आणि पैकीच्या पैकी मार्क दिले. तो बिचारा बाहेर जाऊन मित्रांना सांगत होता, “गेलं रे सगळं. मी ताटाचं बोललो.”

बाहेर जाऊन सांगणं. हाच आजचा विषय आहे.

प्रॅक्टिकल संपली की मुलं घरी जात नाहीत. आधी ती ‘टॅली’ करतात. टॅली म्हणजे उत्तरं ताडून बघणं. प्रत्येक कॉलेजात याची जागा ठरलेली असते. कुठे सायकल स्टँड, कुठे वडापावची गाडी, मुरबाडच्या त्या कॉलेजात सिमेंटची पाण्याची टाकी. एकजण आपला आकडा मोठ्याने सांगतो, बाकीचे “माझा पण!” म्हणून ओरडतात, आणि ज्याचा आकडा वेगळा, त्याच्याकडे सगळे असं बघतात, की जणू त्याच्या घरी वाईट बातमी आली आहे.

बाहेरच्या वाचकाला वाटेल, गणिताचं उत्तर ताडून बघण्यात काय वावगं? गणिताचं ताडावंच. पण प्रॅक्टिकलचं उत्तर हे टेबलावरच्या वस्तूचं असतं. माझ्या टेबलावरची तार तुझ्या टेबलावरच्या तारेपेक्षा वेगळी, तर आपली उत्तरं वेगळीच यायला हवीत. सारखी आली तरच पोलिसांत कळवावं. हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल! मुलं माना डोलावतात आणि परीक्षा झाली की टाकीकडे धावतात.

तरी उत्तरं सारखी येतात, त्याचं कारण जर्नल. वर्षभर केलेले प्रयोग मुलं जर्नलात लिहितात. परीक्षेला कुठला प्रयोग येईल ते चिठ्ठी उचलल्यावर कळतं. पण कुठलाही आला तरी त्याची रीडिंग जर्नलात आधीच असतात आणि ती रात्रभर घोकून पाठ केलेली असतात. मग मोजायची तसदी कोण घेतो? उपकरणाशी थोडा वेळ खाटखूट करायची, परीक्षक बघतायत असं दिसलं की पट्टीशी डोळा न्यायचा, आणि पाठ केलेलं लिहून मोकळं व्हायचं. याला म्हणतात ‘रीडिंग मारणं’. यात लबाडीपेक्षा भीती जास्त असते, हे मला कळतं. आपल्या डोळ्यांनी जे दिसलं ते चुकीचं असेल आणि जर्नलात सरांची सही असलेलं बरोबर असेल, असा त्यांचा मनापासूनचा विश्वास असतो. असा विश्वास ठेवायला त्यांना आम्हीच शिकवलं आहे.

माझ्या कॉलेजातला आटगावचा एक मुलगा मला अजून आठवतो. फार बोलायचा नाही. परीक्षेनंतर टॅली चालली असताना मी त्याला गप्प उभा राहिलेला पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. पुढच्या परीक्षेलाही नाही. त्याच्या वर्गातली मुलं म्हणाली, “त्याचं उत्तर जुळलं नाय ना मॅडम, म्हणून त्यानं सोडलं.” त्याचं उत्तर बरोबर होतं. मला ठाऊक होतं, कारण पेपर मीच तपासला होता. पण तोवर तो कुठल्या तरी गोदामात कामाला लागला होता आणि त्याला फोन नव्हता. त्यानंतर टॅलीचा गलका ऐकला की मी खिडकीशी जाते. हसायलाही जाते, पण नुसती हसायला नाही.

तर आता त्या दुपारची गोष्ट.

मुरबाडला मी सकाळच्या एसटीने पोचले. तिथले अंतर्गत परीक्षक, म्हणजे त्याच कॉलेजातले शिक्षक, देसले सर. अतिशय सज्जन आणि अतिशय घाबरट. नियमांचं परिपत्रक ते खिशात घडी घालून ठेवतात आणि अधूनमधून हात लावून बघतात, आहे ना. त्यांची प्रयोगशाळा पत्र्याच्या छपराखाली. सकाळी बरी. दुपारच्या बॅचला आम्ही सगळे चुलीवरच्या भाकरीसारखे दोन्ही बाजूंनी भाजत होतो. माझी साडी पाठीला चिकटली होती. देसले सरांच्या खिशातलं परिपत्रक ओलं झालं होतं.

सकाळच्या आणि दुपारच्या बॅचमध्ये मिळून आठ मुलांना आवाजाच्या वेगाचा प्रयोग आला. हा माझा लाडका प्रयोग. त्यात फार काही नसतं. एका उंच भांड्यात पाणी, पाण्यात उभी बुडवलेली एक नळी. नादकाटा म्हणजे लोखंडाचा दोन बोटांचा चिमटा. तो रबरावर आपटायचा आणि नळीच्या तोंडावर धरायचा. तो बारीक गुणगुणत असतो. मग नळी हळूहळू पाण्यातून वर उचलायची. नळीतला हवेचा खांब वाढत जातो, आणि एका नेमक्या उंचीला नळी एकदम घुमते. जणू आत कुणी दडलं होतं आणि त्याने हाक दिली. मुलं म्हणतात, “नळी बोलली.” बोलली की थांबायचं, पाण्याच्या वर किती नळी आहे ते पट्टीने मोजायचं, आणि त्यावरून हिशेब करून आवाजाचा वेग काढायचा.

यात एक गंमत आहे. हवा गरम असली की आवाज जोरात पळतो. त्यामुळे नळी थंडीत जिथे बोलते, त्याच्यापेक्षा उन्हाळ्यात थोडी वर बोलते. म्हणून प्रयोगाच्या कागदावर खोलीचं तापमानही लिहायचं असतं. थर्मामीटर भिंतीवर टांगलेला असतो. नुसती मान वळवून बघायचं.

मी पेपर तपासायला घेतले. सकाळच्या मुलांनी तापमान लिहिलं होतं एकोणीस. पुढे दुपारचे पेपर. एकोणीस. एकोणीस. मी कपाळावरचा घाम पुसला आणि भिंतीवरचा थर्मामीटर बघितला. सदतीस. हे एकोणीस होतं डिसेंबरचं, सकाळी दात वाजत असताना जर्नल लिहिलं त्या दिवसाचं. त्याच दिवशीची नळीची उंची, त्याच दिवसाचं उत्तर, तीनशे त्रेचाळीस. सात पेपरांत डिसेंबर महिना गोठून बसला होता.

आठव्या पेपरात तापमान सदतीस होतं. नळीची उंची जर्नलपेक्षा सेंटिमीटरभर जास्त. उत्तर तीनशे त्रेपन्न. अक्षर बारीक, आकडे खोडून पुन्हा लिहिलेले, पण खोडलेलेही वाचता येत होते, आणि तेही आसपासचेच होते. म्हणजे तो पेपर लिहिणाऱ्या मुलीने पुन्हा पुन्हा मोजलं होतं.

तोंडीला ती माझ्यासमोर आली तेव्हा मी तिला विचारलं होतं, “हा आकडा कसा काढलास?” ती म्हणाली, “नळी बोलली तिथं लिवला.” आतून मला उठून तिची अलाबला घ्यावीशी वाटत होती. बाहेरून मी किन्हवलीच्या थांब्यावरची बाई. “बरं, जा,” एवढंच म्हटलं.

मार्क भरले, दोघांच्या सह्या झाल्या, पाकिटावर लाख लागली. आता त्या पाकिटात साक्षात न्यूटनलाही हात घालता आला नसता. मी कांडी विझवली, एवढ्यात टाकीकडून गलका आला.

सकाळच्या बॅचची मुलंही टॅलीसाठी थांबली होती. टॅलीचा मुख्य त्यांच्यातलाच रोशन नावाचा एक उंच मुलगा होता. आवाज सभापतीला शोभेल असा.

“तीनशे त्रेचाळीस! कोणाकोणाचा आला?”

“माझा!” “माझा पण!” “पॉइंट दोन हाय, चालंल ना रे?”

“चालंल. योगिते, तुजा किती आला गो?”

आठव्या पेपरातली मुलगी टाकीच्या कडेला ओढणीने तोंड पुसत उभी होती. “त्रेपन्न,” ती म्हणाली.

“किती?”

“तीनशे त्रेपन्न.”

“दहा जास्त!” रोशन म्हणाला. “तुजा आवाज काय फास्ट लोकल पकडून गेला का?”

सगळे हसले. मीही हसले असते, पण माझं लक्ष तिच्याकडे होतं.

“नळी तिथंच बोलली,” ती म्हणाली.

“अगो, नळी कोणाशी बोलते? आमच्याशी तर कदी नाय बोलली!”

तिची मैत्रीण कळवळून म्हणाली, “जर्नलमधलं का नाय लिवलंस गो? पाठ होतं ना तुला?”

“जर्नलमधलं थंडीतलं हाय. आज गरम हाय.”

“मग? आवाजाला काय घाम येतो?”

पुन्हा हशा. तरी ती ठाम होती, हे मी सांगते. ती हलली ती पुढच्या गोष्टीने. रोशनने खिशातून मोबाईल काढला, बोट फिरवलं आणि स्क्रीन तिच्या नाकासमोर धरली. “हे बघ. गुगलवर पण त्रेचाळीसच हाय. आता बोल.”

गुगलवर तो आकडा असतो, खरं आहे. पण तो वीस अंशाच्या गार हवेतला असतो, हे खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बारीक अक्षर कोण वाचतं? योगिताने स्क्रीनकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “म्हणून मॅडमचं तोंड तसं झालं होतं.”

माझ्या हातातली कांडी गळून पडली.

तेवढ्यात फाटकाकडून एक बाई आल्या. डोक्यावर गाठोडं, हातात पिशवी, पायांत घाई. योगिताची आत्या. त्यांनी कुणालाही न विचारता थेट मुद्द्याला हात घातला. “कसा झाला गो पेपर? सांग लवकर, जीप भरंल.”

पुढचं बोलणं मी जिवाचा कान करून ऐकलं. योगिताची वाडी सिद्धगडाच्या पायथ्याला. आईवडील दिवाळीनंतरच कल्याणच्या पलीकडे वीटभट्टीवर गेलेले. वाडीत या दोघीच. घरात असं ठरलं होतं, की पोरीची परीक्षा चांगली चालली तर आत्याने तिच्यासोबत शेवटच्या पेपरापर्यंत थांबायचं, नाही तर दोघींनी भट्टीवर निघायचं. गाठोडं बांधून झालेलं होतं. सोडायचं की डोक्यावर ठेवायचं, एवढाच प्रश्न होता.

“चुकला,” योगिता म्हणाली. “सगळ्यांचा एक आला. माझाच वेगळा.”

“सगळ्यांचा एक?”

“हां.”

“मग तुजाच चुकला आसंल,” आत्या म्हणाल्या. रागाने नाही. पाऊस येणार असं म्हणावं तसं. “चल. उद्याच्याला कशाला थांबायचं? तिथं आई तरी भेटंल.”

दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल होती. एका प्रॅक्टिकलला गैरहजर राहिलं की वर्षच गेलं.

मी वळले. “देसले सर, मुलीला थांबवा!”

देसले सरांचा हात खिशातल्या परिपत्रकाकडे गेला. “मॅडम, मार्क सांगता येणार नाहीत. उत्तर बरोबर की चूक, तेही सांगता येणार नाही. गोपनीय आहे.”

“मी कुठे सांगतेय?”

“तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय.”

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझा चेहरा फुटला होता. पण सरांचं म्हणणं खरं होतं. मी एक शब्द जरी बोलले असते, तरी उद्या कुणीही म्हणालं असतं, एक्स्टर्नलने टाकीजवळ निकाल लावला. मी क्षणभर विचार केला. आणि मग, वाचकहो, मला माझी गॅदरिंगची वर्षं आठवली.

“सर, परीक्षा संपल्यावर उपकरणं ठीक आहेत ना, हे तपासणं परीक्षकाचं काम आहे की नाही?”

“आहे,” सर सावधपणे म्हणाले.

“कुठे तपासायची, हे परिपत्रकात लिहिलंय?”

सरांनी परिपत्रक उघडून खरंच वाचलं. “नाही.”

“मग उचला ते भांडं. दारात नेऊ. इथे उजेड कमी आहे.”

उजेड भरपूर होता. देसले सरांना तो दिसत होता. तरी त्यांनी भांडं उचललं. त्या घाबरट माणसाने शर्टावर पाणी सांडवून घेत ते जड भांडं दारापर्यंत नेलं. त्या क्षणी माझ्या मनात त्यांच्याबद्दल जी कृतज्ञता दाटली, ती अजून उतरलेली नाही.

दारातही डोक्यावर तोच पत्रा आणि तीच आग. मी नळी पाण्यात सोडली, नादकाटा हातात घेतला आणि नाटकातल्या दवंडीवाल्याच्या आवाजात म्हणाले, “सर, मला शंका आहे, ही नळी बिघडलीय! वाजतच नाही! कुणाला वाजवता येते का बघा!”

टाकीजवळची सभा तहकूब झाली. मुलं दाराशी जमली. परीक्षकाची फजिती फुकट बघायला मिळत असेल तर कोण सोडतो? मागे फाटकाकडे आत्या थांबल्या होत्या. “काय चाललंय गो तिथं?” आणि योगिता त्यांच्या हाताला धरून पाठमोरी उभी. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही.

“रोशन, तू ये. तुला ही नळी कुठे बोलते ते पाठच असेल.”

“हो मॅडम,” रोशन आनंदाने म्हणाला. “साडेबत्तीसला.” त्याने नळी बरोबर साडेबत्तीसवर धरली. मी काटा आपटला, तोंडावर धरला. नळी कुजबुजली, पण बोलली नाही. रोशनने नळी जरा हलवली. कुजबूज. काटा पुन्हा आपटला. कुजबूज.

“बघा, बिघडलीय,” मी म्हणाले. “फेकून द्या, सर.”

“नाय मॅडम, सकाळी तर...” रोशन म्हणाला आणि मध्येच थांबला. सकाळी तर काय, हे त्याला सांगता येईना.

“खाली घे,” एकजण म्हणाला. रोशनने खाली घेतली. नळी पार गप्प झाली.

“वर.”

हा आवाज मागून आला होता. योगिता वळली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुलांकडेही नाही. फक्त नळीकडे बघत होती. आपण कुणाला काही सांगतोय, हेही तिच्या लक्षात नसावं. “वर घे. अजून. हळू रे, एकदम नको. अजून थोडी.” ती चालत पुढे आली. मुलांनी तिला वाट दिली. “आता थांब. बोलंल आता.”

मी काटा आपटला. तोंडावर धरला.

नळी बोलली. अशी घुमली, की पत्र्याखाली सगळीकडे तो एकच स्वर भरून राहिला. आत्यांच्या हातातली पिशवी खाली आली. “अगो बाय,” त्या म्हणाल्या, “ही कोण बोलली?”

यापुढचं एक वाक्य सांगायचं राहिलं आहे, पण त्याआधी बाकीचं सांगून टाकते. आत्यांनी त्या दिवशी जीप सोडली. दुसऱ्या सकाळी माझी पुढची बॅच होती म्हणून मी पुन्हा मुरबाडला गेले, तर केमिस्ट्रीच्या लॅबच्या पायरीवर आत्या चुन्याची डबी उघडून बसल्या होत्या. पोर आत होती. मला बघून म्हणाल्या, “गाठोडं सोडलं मी.” शेवटच्या पेपरापर्यंत दोघी थांबल्या, हे पुढे देसले सरांनी फोन करून कळवलं. फोनवरही ते इतक्या हळू बोलत होते, की जणू तेही गोपनीय आहे.

लोक मला विचारतात, तेच प्रयोग, तीच उत्तरं, कंटाळा येत नाही का? मला विचाराल तर या कामाने मला जे दिलं ते फिटायचं नाही. ताटाला भूत लागलं म्हणणारी आई आणि अनुनाद म्हणणारा मुलगा एकाच घरात राहतात, हे मला दुसऱ्या कुठल्या नोकरीत कळलं असतं? भर उन्हात नळीला कान लावून बसणारी एक मुलगी माझ्या वाट्याला आली. टाकीजवळच्या त्या सातजणांचेही माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी टॅली केली नसती, तर त्या दुपारी मी लाख लावून, पाकीट काखेत मारून शांतपणे एसटीत जाऊन बसले असते आणि ती जीपमध्ये.

तर ते वाक्य. नळी घुमत होती, मुलं तोंड उघडं टाकून उभी होती. मी म्हणाले, “रोशन, किती झालं ते वाच. मला चष्मा नाही.” चष्मा माझ्या नाकावर होता. रोशन वाकला. पट्टी वाचली. “तेहतीस पॉइंट पाच,” तो म्हणाला. मग वळून योगिताला विचारलं, “तुजा किती होता गो? नळीचा?”

“तेहतीस पॉइंट पाच.”

त्याने पुन्हा वाकून पट्टी वाचली. मान वर केली. समोर एक्स्टर्नल उभी आहे, बाजूला आपले सर उभे आहेत, यातलं काहीही त्याच्या ध्यानात राहिलं नाही, आणि साऱ्या कॉलेजला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो ओरडला,

“आयला! म्हंजे हिनं खरंच केला प्रयोग!”